शेवटच्या नाचात कोण कुठे उभं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : दिग्दर्शक केनेथ ब्रॅनाने शेक्सपिअरच्या नाटकावरून १९९३ साली केलेल्या 'मच अडू अबाउट नथिंग' या चित्रपटात राजपुत्र डॉन पेद्रो झाला आहे डेन्झेल वॉशिंग्टन आणि त्याचा भाऊ डॉन जॉन झाला आहे कियानू रीव्ह्ज. एक कृष्णवर्णीय, दुसरा नाही, आणि अख्ख्या चित्रपटात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. जुन्या काळच्या कपड्यांत, जुन्या वाड्यात घडणाऱ्या गोष्टीत हे खपतं का? आणि अशा पात्रनिवडीने खरंच काही बदलतं, की ती दिखाव्यापुरती असते?

मी नाटकं बसवते, पात्रनिवडीचं काम करते आणि शेक्सपिअरच्या सुखात्मिका शिकवते. हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

पहिल्या भागाचं उत्तर संहितेतच आहे. डॉन जॉन हा डॉन पेद्रोचा सख्खा भाऊ नाहीच. तो अनौरस आहे. दोघांच्या आया वेगळ्या, तेव्हा चेहरे जुळत नाहीत म्हणून अडून बसायचं कारण उरत नाही. पण एवढं सांगून थांबले तर ती पळवाट ठरेल, कारण ब्रॅनाने ही जोडी अनौरसपणा दाखवण्यासाठी निवडलेली नव्हती. त्याला वेगवेगळ्या उच्चारांचे आणि वेगवेगळ्या चेहऱ्यामोहऱ्यांचे नट एकत्र हवे होते, अमेरिकन नटांनी आपल्याच उच्चारात शेक्सपिअर बोललेला हवा होता. दिग्दर्शकाने नटाचा रंग पाहायचा नाही आणि प्रेक्षकानेही तो पाहू नये, असा तो करार. याला रंगनिरपेक्ष पात्रनिवड म्हणू.

माझ्या मते हा करार सुखात्मिकेत टिकत नाही. कुणाला आपल्यात घ्यायचं आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचं, याच्याभोवतीच सुखात्मिकेचा सगळा खटाटोप चालतो. शेवटी लग्नं लागतात, नाच होतो, आणि एखाददुसरा माणूस त्या नाचाबाहेर राहतो. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला मॅल्व्होलिओ सूड घेईन म्हणत निघून जातो. 'अ‍ॅज यू लाइक इट'मधला जेक्विस नाचणाऱ्यांकडे पाठ फिरवतो. 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या शायलॉक या ज्यू सावकाराला तर पाचव्या अंकात पाऊलही टाकायला मिळत नाही. म्हणून अशा चित्रपटात विविधता किती हे पाहताना मी श्रेयनामावलीतली नावं मोजत बसत नाही. शेवटच्या नाचात कोण कुठे उभं आहे ते पाहते. रंग पाहायचा नाही असं ठरवून आत-बाहेरची ही वाटणी केली, तरी प्रेक्षकाला ती रंगासकट दिसते.

आता 'मच अडू'च घ्या. चित्रपट टस्कनीतल्या व्हिला विन्यामाज्जो या जुन्या वाड्यात चित्रित झाला. सुरुवातीलाच सैनिक घोडे उडवत येतात, त्यांच्यात वॉशिंग्टन आहे, आणि हा माणूस इथला सर्वांत मोठा हे समजायला कुणाच्या तोंडचं वाक्य लागत नाही. यजमान लिओनाटोच्या घरात तोच सगळ्यांत वरच्या दर्जाचा. लग्नं जुळवतो तो, शब्द चालतो त्याचा. ब्रिटिश ऐतिहासिक वेशभूषेच्या चित्रपटांत तोवर कृष्णवर्णीय नटाच्या वाट्याला बहुतेक वेळा ट्रे धरून उभं राहणं यायचं. १९९३ साली अशा नटाला, कसलंही स्पष्टीकरण न देता, घराच्या मालकानेही वाकून नमस्कार करावा असं स्थान देणं ही लहान गोष्ट नव्हती. दिखावा म्हणून ती कुणी मोडीत काढू नये.

मुखवट्यांच्या नाचानंतर, दुसऱ्या अंकात, डॉन पेद्रो लिओनाटोच्या पुतणीला, बिअट्रिसला विचारतो : मला पत्कराल का? ती म्हणते, रोजच्या वापरासाठी दुसरा कुणी मिळणार असेल तर. तुम्ही रोज वापरण्याच्या मानाने फार महागडे आहात. रंगमंचावर हा प्रसंग बऱ्याचदा थट्टेवारी नेतात. वॉशिंग्टन मात्र मनापासून विचारतो. त्याचा आवाज किंचित खाली येतो, आणि एमा थॉम्पसनच्या चेहऱ्यावर दिसतं की हा चेष्टा करत नव्हता हे तिला उशिरा कळलं आहे. अख्ख्या चित्रपटातला हा मला सर्वांत प्रिय प्रसंग. वर्गात तो दाखवते तेव्हा मुलं एकदम शांत होतात.

पण कॅमेरा जवळ आहे. संहितेत बिअट्रिस नकार देते तो दर्जातल्या अंतराचा हवाला देऊन. पडद्यावर दिसतं ते असं : त्या घरातला एकुलता एक कृष्णवर्णीय पुरुष एका गोऱ्या स्त्रीला मागणी घालतो आणि ती अदबीने नाही म्हणते. पुढे बिअट्रिसशी लग्न ठरलेला बेनेडिक म्हणतो, राजपुत्रा, तू उदास दिसतोस, एखादी बायको कर. मग नाच सुरू होतो, सगळे जोडीने वाड्यातून बागेत जातात, आणि डॉन पेद्रो एकटा. शेक्सपिअरनेही त्याला एकटाच ठेवला आहे. मात्र संहितेतलं त्याचं एकटेपण सिंहासनाजवळच्या माणसाचं आहे. चित्रपटात त्यावर रंगाचा एक थर चढतो, आणि चित्रपटाला त्याची दखलच नाही.

मी तिथे असते तर दोनांपैकी एक काहीतरी ठरवलं असतं. त्या घरात आणखी कृष्णवर्णीय माणसं ठेवली असती, लिओनाटोची मुलगी हिरो, तिच्या नात्यात, मैत्रिणींत, नाचणाऱ्या जोडप्यांत. मग पेद्रोचं एकटेपण पुन्हा त्याच्या पदाचं झालं असतं. नाहीतर त्याला जाणूनबुजून एकटा ठेवलं असतं, आणि बिअट्रिसच्या नकारात ती अडचण दोघांनाही जाणवू दिली असती. दोन्ही रस्ते चांगले आहेत. ठरवायचंच नाही, हा रस्ता मला चालत नाही, कारण मग न ठरवलेल्या गोष्टीचा सगळा भार नटाच्या खांद्यावर येतो. वॉशिंग्टनने तो पेलला, ही त्याची ताकद.

याच नाटकात पाचव्या अंकात एक वाक्य आहे. नवरदेव क्लॉडिओने हिरोला भर लग्नात बदनाम केलेलं आहे. आता प्रायश्चित्त म्हणून त्याला एका अनोळखी, बुरख्यातल्या मुलीशी लग्न करायचं आहे. तयार आहेस ना, असं विचारल्यावर तो म्हणतो, ती इथिओपियाची असली तरी माझा शब्द मोडणार नाही. म्हणजे याहून वाईट काय असेल, असा त्याचा सूर. बरेच रूपांतरकार हे वाक्य मुकाट्याने गाळतात. गाळायला माझी हरकत नाही. पण गाळण्याआधी निदान त्याच्याकडे पाहावं. क्लॉडिओ अजून सुधारलेला नाही हे त्या वाक्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही. जॉस वेडनने २०१२च्या आपल्या कृष्णधवल, आजच्या काळातल्या 'मच अडू'त हे वाक्य ठेवलं आणि त्याच वेळी चौकटीत एक कृष्णवर्णीय स्त्री दिसेल अशी व्यवस्था केली. प्रेक्षक अस्वस्थ होतो आणि त्याने व्हावंच. हा आजच्या पोशाखातला चित्रपट आहे, पण त्यातला धडा जुन्या पोशाखातल्या चित्रपटांनाही लागू पडतो.

'पण त्या काळात तिथे अशी माणसं होतीच कुठे?' हा आक्षेप तुम्ही स्पष्ट लिहिला नसला, तरी 'खपतं का' या शब्दांत तो आहे. होती. चित्रकार कार्पाच्चोने १४९०च्या दशकात व्हेनिसच्या रिआल्तो पुलाजवळचा एक धार्मिक चमत्कार रंगवला. त्या चित्रात पुढेच एक कृष्णवर्णीय नावाडी गोंडोला वल्हवतो आहे. इंग्लंडमध्ये १५११च्या वेस्टमिन्स्टर स्पर्धेच्या लांब चित्रगुंडाळीवर जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय तुतारीवाला घोड्यावर बसलेला दिसतो. आठव्या हेन्रीच्या दरबारात तो नोकरीला होता आणि पगारवाढीसाठी त्याने केलेला अर्जही उपलब्ध आहे. 'मच अडू' जिथे घडतं ते मेसिना तर सिसिलीतलं बंदर. त्या बेटावर अरबांनी राज्य केलं, नॉर्मनांनी केलं, आरागॉनच्या घराण्याने केलं.

तरीही या पुराव्यांवर फार भर देऊ नये असं मला वाटतं. कृष्णवर्णीय नट उभा राहिला की आपण कागदपत्रं मागतो. हिरो झालेली केट बेकिन्सेल सिसिलीची दिसते का, सिसिलीतली माणसं इंग्रजी का बोलतात, मेसिनाची गोष्ट टस्कनीत का घडते, हे कुणी विचारत नाही. शेक्सपिअरच्या हयातीत बिअट्रिस, रोझलिंड, व्हायोला या सगळ्या नायिकांच्या भूमिका मुलगे करत होते. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बायका आल्या त्या १६६०नंतर. या नाटकांना वास्तवाचं वावडं नव्हतं, पण कुठल्या वास्तवावर हटून बसायचं ते दर पिढीने आपल्या सोयीने ठरवलं आहे.

ब्रॅनाचाच नंतरचा एक चित्रपट या विषयात मला जास्त शिकवून गेला. २००६चा 'अ‍ॅज यू लाइक इट'. गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या जपानमध्ये नेली आहे, व्यापारासाठी तिथे जाऊन स्थायिक झालेल्या युरोपीय लोकांच्या वसाहतीत. ऑर्लँडो झाला आहे डेव्हिड ओयेलोवो, त्याचा मोठा भाऊ ऑलिव्हर झाला आहे एड्रियन लेस्टर. या वेळी भाऊ भावासारखे दिसतात, आणि त्याने केवढा फरक पडतो पाहा. थोरल्याने धाकट्याला शिक्षणापासून आणि वाट्यापासून वंचित ठेवलं आहे, यातली धार लगेच लागते. दोघंही उत्तम बोलतात. लेस्टरने तर १९९१ साली चीक बाय जाउल या कंपनीच्या फक्त पुरुष नटांच्या प्रयोगात स्वतः रोझलिंड केली होती. नाटकाची नस न् नस त्याला ठाऊक. शेवटी ऑर्लँडोचं नायिका रोझलिंडशी लग्न होतं, ऑलिव्हरचं तिच्या चुलत बहिणीशी, सीलियाशी. दोघंही नाचाच्या मधोमध आहेत. १९९३मध्ये बाहेर राहिलेली जागा इथे भरून निघाली.

आणि जपानी माणसं? ती आहेत. सुरुवातीला काबुकी या जपानी नाट्यप्रकाराचा खेळ आहे, मग सामुराई चिलखतातले हल्लेखोर, कुस्तीच्या जागी सुमो, नाटकातल्या आर्डेनच्या जंगलात तोरी म्हणजे जपानी देवळाची कमान आणि झेन बाग. हे जंगल खरं तर इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या वेकहर्स्टच्या बागेत आहे. सगळं दिसायला देखणं. पण ज्यांचा देश, त्यांच्यापैकी कुणालाही नाटकातली मोठी भूमिका नाही. प्रेम करणारे, विद्रोह करणारे, तत्त्वज्ञान सांगणारे, विनोद करणारे सगळे पाहुणे. यजमान ते नेपथ्य. एका समूहाला आत घेताना दुसऱ्याला असं भिंतीवरच्या चित्रासारखं टांगून ठेवता येतं, हे हा चित्रपट पाहिल्याशिवाय माझ्या इतकं ध्यानात आलं नसतं. जपानमध्ये नेलंच होतं, तर फीबी आणि सिल्व्हियस हे धनगर तिथलेच का नकोत? म्हातारा मेंढपाळ कॉरिन तिथला का नको? ती जंगलातली मूळची माणसं आहेत, दरबारातून पळून आलेल्यांना आसरा देणारी. रूपांतराची कल्पनाच ती जागा मागत होती.

आपण भारतीय वाचक आहोत म्हणून याच्याच जवळचं एक उदाहरण. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये पऱ्यांचा राजा ओबेरॉन आणि राणी टिटानिया यांचं भांडण ज्याच्यावरून पेटतं तो एक भारतीय मुलगा आहे. त्याची आई टिटानियाची भक्त होती, ती बाळंतपणात गेली. सगळ्या नाटकाचा कळीचा मुद्दा तो, आणि त्याला एकही वाक्य नाही. रंगमंचावर यायची गरजही शेक्सपिअरला वाटली नाही. पडद्यावर तो आणला जातो तेव्हा बहुधा फेटा बांधलेलं गोड बाहुलं म्हणून. ब्रिटिश दिग्दर्शक टिम सपल याने २००६ साली भारत आणि श्रीलंकेतल्या कलावंतांना घेऊन हे नाटक बसवलं. इंग्रजीसोबत मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ, मल्याळम, सिंहली अशा भाषा त्यात बोलल्या गेल्या. ते नाटक होतं, चित्रपट नव्हता. पण मूकपणे इकडून तिकडे दिल्या जाणाऱ्या त्या पोराच्या प्रदेशातली माणसंच सगळं नाटक चालवत होती, आणि ते पाहताना मला फार भरून आलं होतं.

या सगळ्या चर्चेत एका विरोधकाचं म्हणणं गंभीरपणे ऐकायला हवं. ऑगस्ट विल्सन, अमेरिकेचे मोठे कृष्णवर्णीय नाटककार. १९९६ साली प्रिन्स्टन इथे केलेल्या भाषणात त्यांनी रंगनिरपेक्ष पात्रनिवडीला सरळ नकार दिला. त्यांचा मुद्दा असा, की गोऱ्यांच्या गोष्टीत गोऱ्या माणसाची भूमिका कृष्णवर्णीय नटाला देणं म्हणजे त्याला त्याचा इतिहास दाराशी काढून ठेवायला सांगणं. पैसा द्यायचा असेल तर कृष्णवर्णीयांच्या नाट्यसंस्थांना द्या, त्यांची नाटकं करा. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये समीक्षक रॉबर्ट ब्रुस्टीन यांच्याशी त्यांचा जाहीर वादही झाला. मी विल्सन यांच्याशी पूर्ण सहमत नाही. ओयेलोवोसारख्या नटाला शेक्सपिअरपासून दूर ठेवण्यात कुणाचं भलं आहे? शेक्सपिअर बोलण्याचा आनंद हा कुणा एकाच वंशाचा वारसा असू शकत नाही. पण 'इतिहास दाराशी काढून ठेवायला लावू नका' हे त्यांचं म्हणणं मी पात्रनिवडीच्या प्रत्येक बैठकीत मनाशी ठेवते. इतिहासासकट आत या, असं म्हणणारी पात्रनिवड करता येते. तिला रंगसजग म्हणता येईल.

ती करायची तर आधी संहिता ओळीओळीने वाचावी लागते. 'लव्हज लेबर्स लॉस्ट'चं उदाहरण फार बोलकं आहे. मुळात बिरोनच्या सावळ्या प्रेयसीवरून, रोझलाइनवरून, त्याचे मित्र त्याला चिडवतात. धुराडी साफ करणारे तिच्यासारखेच काळे दिसतात, ही ओळ ड्युमेनच्या तोंडी आहे. ब्रॅनाने २०००मध्ये याच नाटकाची १९३९ सालात घडणारी संगीतिका केली, तिच्यात ड्युमेन झाला एड्रियन लेस्टर. संहितेचा बहुतांश भाग त्याने कापला आणि जागोजाग जुनी लोकप्रिय गाणी घातली. लेस्टर नाचतो तेव्हा बाकीचे फिके पडतात, आणि मारिया झालेली कार्मेन इजोगो हीही त्या जोड्यांत बरोबरीने आहे. चित्रपट म्हणून तो मला ठिकठिकाणी पातळ वाटतो. नाचाच्या माझ्या कसोटीला मात्र तो उतरतो.

'ट्वेल्फ्थ नाइट'ची अडचण वेगळी. व्हायोला आणि सेबॅस्टियन जुळे आहेत, एकाला दुसरा समजण्यावरच सगळं कथानक उभं आहे, आणि पडद्यावर प्रेक्षक निरखून पाहतो. इथे भावंडं एकाच वंशाची हवीत हे मी मान्य करते. टिम सपलनेच २००३ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी केलेल्या आजच्या काळातल्या आवृत्तीत परमिंदर नागरा आणि रॉनी झुट्टी ही भारतीय वंशाची जुळी भावंडं सत्तांतरातून जीव वाचवून परक्या देशात आलेली आहेत, आणि व्हायोला ज्याच्या प्रेमात पडते तो ड्यूक ऑर्सिनो झाला आहे चिवेटेल एजिओफोर. जहाज फुटून अनोळखी किनाऱ्याला लागणं म्हणजे काय ते तिथे एकदम जिवंत झालं. ट्रेव्हर नन याचा १९९६चा चित्रपट एकोणिसाव्या शतकाच्या पोशाखातला, कॉर्नवॉलमध्ये चित्रित केलेला. त्यात फेस्टे हा गाणारा विदूषक झाला आहे बेन किंग्जली. आपल्याला तो गांधी म्हणून ठाऊक. जन्मनाव कृष्णा भानजी, वडील गुजराती वंशाचे. ननने या वंशाचा कुठे उल्लेख केलेला नाही. पण फेस्टे कुठल्याच घरचा नाही, दोन्ही घरांत जातो, सगळ्यांची गुपितं ओळखून असतो आणि शेवटी एकटाच गातो. किंग्जलीच्या डोळ्यांत ते उपरेपण इतकं सहज आहे, की मला ही या प्रकारच्या चित्रपटांतली सर्वांत नेमकी पात्रनिवड वाटते. शिवाय नन शेवटी घरातून निघून जाणाऱ्या एकेकाला दाखवतो. कोण बाहेर राहिलं हे त्याने लपवलेलं नाही.

'द मर्चंट ऑफ व्हेनिस' ही सुखात्मिका म्हणून छापली गेली हेच आज अनेकांना पटत नाही. मायकेल रॅडफर्डने २००४ साली अल पचिनोला शायलॉक करून हा चित्रपट काढला. सुरुवातीलाच तो १५९६चं व्हेनिस दाखवतो : ज्यूंना जिथे सक्तीने राहावं लागे त्या घेट्टो वस्तीचे रात्री बंद होणारे दरवाजे, ज्यूंना घालाव्या लागणाऱ्या लाल टोप्या, आणि रिआल्तोवर शायलॉकवर थुंकणारा व्यापारी अँटोनिओ. हे थुंकणं संहितेत नुसतं बोललं जातं. ते डोळ्यांसमोर घडल्यामुळे पुढची सगळी देवघेव वेगळ्या उजेडात दिसते. शेवटी शायलॉक प्रार्थनागृहाच्या बंद दाराबाहेर उभा आहे आणि घर सोडून गेलेली त्याची मुलगी जेसिका बोटातल्या आईच्या अंगठीकडे पाहते आहे. संहितेनुसार ही अंगठी तिने एका माकडाच्या मोबदल्यात देऊन टाकली, अशी वार्ता बापाच्या कानावर आलेली असते. अंगठी तिच्याकडेच ठेवून रॅडफर्डने त्या मुलीला अफवेतून सोडवलं. ऐतिहासिक तपशील नुसता सजावटीला न वापरता न्यायासाठी वापरायचा तो असा.

याच नाटकातली एक स्त्री मला मात्र कुठेच दिसलेली नाही. तिसऱ्या अंकात जेसिकाचा नवरा लोरेन्झो नोकर लॉन्सेलॉटला सुनावतो, की ती मूर बाई तुझ्यापासून गरोदर आहे. लॉन्सेलॉट त्यावर शब्दांचा खेळ करतो आणि विषय संपतो. तिला नाव नाही, वाक्य नाही, प्रवेश नाही. नायिका पोर्शियाच्या घरात काम करणारी कृष्णवर्णीय बाई, सुखात्मिकेच्या ऐन मध्यावर, आणि तिच्या पोटातलं मूल हा एक विनोद. या प्रसंगाचं रूपांतर करणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं : तिला चौकटीत आणा. बोलायला नको, नुसती पाणी भरत असू दे, पण लोरेन्झोचं वाक्य तिला ऐकू जाऊ द्या.

प्रतिनिधित्व म्हणजे फक्त वर्ण नव्हे, हेही सांगायला हवं. फ्रेंच नाटककार रोस्तांच्या १८९७च्या 'सिरानो द बर्जराक'ला स्वतः लेखकाने वीररसातली सुखात्मिका म्हटलं आहे. इतकी वर्षं त्यातलं व्यंग म्हणजे नटाला चिकटवलेलं लांब नाक. जो राइटच्या २०२१च्या 'सिरानो'त नाक नाही. पीटर डिंकलेज आपल्या ठेंगण्या देहासह तिथे उभा आहे, आणि ख्रिश्चन नावाच्या देखण्या तरुणाच्या भूमिकेत आहे केल्विन हॅरिसन. नाक रात्री काढून ठेवता येतं. डिंकलेजला आरशासमोर काहीच काढून ठेवायचं नाही, म्हणून 'माझ्यावर कुणी प्रेम का करेल' हा प्रश्न ऐकताना प्रेक्षकाला पळवाट सापडत नाही. एरिका श्मिट हिने संहिता त्याच्यासाठी नव्याने लिहिली, नाकावरचे सगळे प्रसिद्ध टोमणे सोडून दिले. नट बदलला की संहितेला हात लावण्याची तयारी ठेवावी लागते, याचं हे उत्तम उदाहरण.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की मराठीत या सगळ्याचा काही संबंध लागतो का. आपल्याकडे हा प्रश्न वर्णापेक्षा जात, व्यवसाय आणि बोली यांच्या रूपात येतो. देवलांचं 'संशयकल्लोळ' घ्या. मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरचं १६६०चं प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचं. फाल्गुनरावाचा संशय आणि कृत्तिकेचा त्रागा यांवर आपण हसतो, पण नाटकाचा नाजूक धागा आहे रेवती, नायकिणीच्या घरातली मुलगी, जिच्याशी अश्विनशेठला लग्न करायचं आहे. तिला घरात घ्यायचं की नाही हाच तो सुखात्मिकेचा जुना प्रश्न. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूपात आणलं तेव्हा रेवती झाले बालगंधर्व आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस. अभिनयाबद्दल दुमत नाही. तरी ज्या घरांतल्या बायकांविषयी ते नाटक होतं, त्यांना त्या मंडळींच्या रंगमंचावर जागा नव्हती. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांनीच पुढे महाराष्ट्राला थोर गायिका आणि अभिनेत्री दिल्या. उद्या कुणी 'संशयकल्लोळ'चा जुन्या पोशाखातला चित्रपट काढला आणि रेवती हे नुसतं नऊवारीतलं गोड गाणारं पात्र म्हणून दाखवलं, तर तिच्या आईचं घर, त्या घरातला रियाज, पैशांचा व्यवहार, दारात थांबणारे आणि ओळख न दाखवणारे शेठ, हे सगळं पुन्हा एकदा पडद्याबाहेर राहील. आणि भादव्यासारखा नोकर आला की त्याला कुठली तरी ओढूनताणून गावरान बोली द्यायची सवय आपल्या पात्रनिवडीत आजही आहे. नोकराची भूमिका वाचायला आलेल्या मुलाला 'जरा गावठी बोल' असं सांगितलेलं मी कितीदा ऐकलं आहे. त्या मुलाची स्वतःची बोली कुठली, हे त्याला कुणी विचारत नाही.

तुम्ही चित्रपटाचा अभ्यास करता आहात असं लिहिलंत, म्हणून पाहण्याचा एक क्रम सुचवते. आधी 'मच अडू'मधला मागणीचा प्रसंग आवाज बंद करून पाहा, मग आवाजासह. त्यानंतर 'अ‍ॅज यू लाइक इट'चा शेवट, आणि पाहताना प्रत्येक चौकटीत जपानी माणसं कुठे आहेत ते कागदावर टिपून ठेवा. मग ननचा 'ट्वेल्फ्थ नाइट', सलग, न थांबता. रॅडफर्ड सर्वांत शेवटी, आणि त्याच्या आधी संहितेतला तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश वाचून घ्या. टिपणं झाली की पाठवा. त्या मूर बाईचा प्रवेश तुम्ही कुठे आणि कसा घातला असता, हे मला वाचायला आवडेल.